संध्याकाळचा डोंगर

तासगावात साखरटिकली आली, तेव्हा शालनबाई माळ्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगून टाकलं, की कपाळावर लावायची वस्तू दंडावर चिकटवण्याइतकं वेड त्यांना अजून लागलेलं नाही. लागलं की कळवू.

पण सून ऋतुजा गावातल्या तपासणी केंद्रात कामाला होती आणि टिकल्या तीच लोकांना लावत फिरायची. शालनबाईंनी सून बघताना मुद्दाम तिखट बघून आणली होती. मिळमिळीत माणसाशी त्यांचं कधी जमलंच नाही. आता तो तिखटपणा त्यांनाच झोंबत होता. शेवटच्या तपासणीत शालनबाईंची साखर अगदी काठावर निघाली होती, आणि ऋतुजानं जेवणाच्या ताटावरच अट घातली. दिवाळीपर्यंत आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, टिकली लावायची. रेघ बरी राहिली तर डबा खुशाल भट्टीवर न्यावा. रेघेत डोंगर दिसायला लागले, तर यंदा आत्यांचा डबा भट्टीवर जाणार नाही.

आत्यांचा डबा म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. तासगावात आता रिक्षा माणसाशिवाय चालत होत्या, बागेतली द्राक्षं यंत्रं उतरवत होती, पण दिवाळीची बिस्किटं अजून भट्टीवरच व्हायची. घरचा मैदा, घरची पिठीसाखर, घरचं तूप आणि पत्र्याचा मोठा डबा घेऊन बायका रसूलभाईच्या भट्टीवर जायच्या. समोर उभं राहून मळून घ्यायचं, कारण नजर हलली की तूप कमी पडल्याचा संशय येतो. मग ट्रे भट्टीत जायचे, आणि संध्याकाळी गरम डबा डोक्यावर घेऊन घरी. शालनबाईंच्या डब्यातली बिस्किटं ओठांनी दाबली तरी विरघळायची. दिवाळीत निम्मी गल्ली त्यांच्या ओट्यावरून हातात चार बिस्किटं घेतल्याशिवाय पुढं जात नसे. डबा गेला नाही तर गल्लीनं शालनबाईंच्या ओट्याकडे बघायचं तरी कशाला?

त्यामुळे त्यांनी दंड पुढे केला. टिकली चिकटली.

टिकली दिसायला खरोखर टिकलीएवढीच. तिच्या पोटात केसापेक्षा बारीक सुया. त्या रक्तापर्यंत जात नाहीत, कातडीखालच्या पाण्यातच टेकतात. त्या पाण्यातल्या साखरेची सुईच्या टोकावरच्या औषधाशी गाठ पडली, की इवलीशी वीज तयार होते. साखर जास्त तर वीज जास्त. ती मोजून टिकली घरातल्या भिंतीवरच्या पडद्यावर रेघ काढते. इथवर जुन्या यंत्रांनाही जमत होतं. नव्या टिकलीची करामत पुढची होती. ती पदार्थ चालीवरून ओळखायची. सरबत रेघेला दिवाळीतल्या बाणासारखं वर फेकतं आणि तितक्याच झटक्यानं खाली आणतं. ज्वारीची भाकरी बैलगाडीनं चढ चढावा तशी सावकाश चढते. तुपानं आणि डाळीनं पोटाचं दार अर्धं ओढून घेतलं जातं, म्हणून त्यांच्या सोबतीनं आलेली साखर उशिरा आणि बेतानं रक्तात येते. शिवाय एकच पदार्थ प्रत्येक अंगात वेगळा वागतो. टिकली काही दिवस एका दंडावर राहिली, की त्या अंगाच्या सवयी तिला पाठ होतात, मग ती नुसती साखर सांगत नाही, काय खाल्लं, कशाबरोबर खाल्लं, तेही सांगते.

हे ऋतुजानं समजावून सांगितलं तेव्हा शालनबाई मान हलवत होत्या आणि मनात वेगळाच हिशेब मांडत होत्या. टिकलीला दंड कळतो. दंडाचा मालक कुठं कळतो?

त्यांचे मालक बाबासो म्हणजे गावातला सर्वांत कमी गोड खाणारा माणूस. चहा बिनसाखरेचा. लग्नातली जिलेबी शेजारच्याच्या पानात सरकवायचे. घरचं बिस्किट हातात दिलं तर म्हणायचे, राहू दे, मला नको. असल्या अंगावर टिकली लावली तर रेघ कशी, कृष्णेच्या पाण्यासारखी संथ. दुसऱ्याच दिवशी आंघोळीआधी शालनबाईंनी टिकली सोडवली आणि बाबासोंना बाही वर करायला सांगितलं. बाबासोंनी कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. संसारात त्यांनी प्रश्न विचारणं फार पूर्वी सोडलं होतं, त्यानं त्यांचं भलंच झालं होतं. स्वतःच्या दंडावर शालनबाईंनी कपाळाची मखमली टिकली चिकटवली, पोलक्याच्या बाहीखाली झाकली, आणि मोठ्या समाधानानं डब्यातलं एक बिस्किट तोंडात टाकलं. उन्हाळ्यात भाजून आणलेल्यातली बरीच उरली होती. तूप खवट झालं की काय, हे बघणं रोजचं कामच होतं.

थोडे दिवस टिकलीनं शिकण्यात घालवले. मग एका संध्याकाळी पडद्यावर डोंगर उभा राहिला.

ऋतुजानं हाक मारली. रेघ दिवसभर शहाण्यासारखी चालली होती, आणि दिवेलागणीच्या सुमाराला एकदम ताडकन उठली होती. खाली टिकलीनं लिहिलं होतं: गोड बिस्किटं, चार. साखरेच्या चहात बुडवून. रिकाम्या पोटी.

"आत्या, चार?" ऋतुजा म्हणाली. "आणि चहात पण साखर?"

त्या वेळी शालनबाई बाहेर ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या, हे त्यांना ओरडून सांगायचं होतं. पण सांगितलं तर टिकली कुणाच्या दंडावर आहे तेही सांगावं लागलं असतं. त्यांनी बाबासोंकडे बघितलं. बाबासो देवळातून आले होते आणि पेपरात तोंड घालून बसले होते.

ऋतुजा रागावली नाही, तेच जास्त लागलं. तिनं शेजारी बसून नीट सांगितलं. बिस्किट वाईट नाही, म्हणाली, पण ते फसवं आहे. मैदा, साखर आणि तूप, तिन्ही मिळून एवढ्याशा चकतीत भाकरीएवढी ताकद कोंबलेली असते, आणि पोटाला वाटतं काही आलंच नाही. कोंडा नाही, चावायचं नाही, चहात बुडवलं की आपोआप घसरतं. म्हणून हात पुन्हा डब्याकडे जातो. रिकाम्या पोटी चहाबरोबर चार खाल्ली तर साखर एकदम चढते. तीच दोन, जेवण झाल्यावर, मूठभर शेंगदाण्यांबरोबर खाल्ली आणि नंतर थोडं चाललं, तर डोंगराची टेकडी होते, कारण चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात.

"मी तुम्हाला बंद करा म्हणत नाही, आत्या. पण असंच चाललं तर डबा जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगर. तिसऱ्या दिवशीही. आणि त्या दिवशी टिकलीनं खाली एक ओळ जास्त लिहिली, ती शालनबाईंच्या काळजाला लागली: तुपाचं प्रमाण कमी.

आता चोरीचा आळ आला होता तो आला होता, पण शालन माळी कमी तुपाचं बिस्किट खाते, असं पडद्यावर लिहून यावं? दुकानातली सुकी बिस्किटं आणून खाते असं सुनेला वाटलं असणार. त्या रात्री त्या भाकरी थापताना इतक्या जोरात थापत होत्या, की बाबासोंनी दुसरी भाकरी मागितलीच नाही.

एवढं मात्र पक्कं झालं होतं. ती बिस्किटं त्यांच्या डब्यातली नव्हती.

पुढच्या संध्याकाळी बाबासो देवळात जातो म्हणून निघाले. थोड्या वेळानं शालनबाईंनी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या रिकाम्या रिक्षात जाऊन बसल्या. ह्या रिक्षांना घराचं खातं माहीत असायचं. बसल्याबसल्या आतून गोड आवाज आला, नमस्कार, माळी परिवार, नेहमीच्याच ठिकाणी जायचं ना?

शालनबाई नेहमी कुठंच जात नव्हत्या.

"चल," त्या म्हणाल्या. "तिकडंच चल."

रिक्षा देवळावरून गेली आणि थांबली नाही. बाजार मागं पडला. ओढ्यावरचा पूल आला तेव्हाच शालनबाईंना कळलं, पण रिक्षाला थांब म्हणायला जीभ उचलेना. पलीकडच्या मळ्यात, चार नारळांच्या मागच्या घरापाशी रिक्षा उभी राहिली आणि पोहोचलो म्हणाली.

विजयमालाआक्कांचं घर. शालनबाईंची थोरली जाऊ.

ह्या दोघी एके काळी भट्टीवर बरोबर जायच्या. एका वर्षी दोघींचे ट्रे भट्टीत मागंपुढं झाले, आणि घरी येऊन डबा उघडल्यावर शालनबाईंना वाटलं, आपली भरपूर तुपाची बिस्किटं आक्कांच्या डब्यात गेली आणि त्यांची रुक्ष आपल्याकडं आली. वाटलं ते वाटलं, पण त्यांनी ते दुसऱ्या दिवशी भट्टीवर, निम्म्या गावाच्या बायकांसमोर बोलून दाखवलं. चुकून झालं असेल, एवढं तरी म्हणायचं. तेही म्हटलं नाही. आक्का काही न बोलता आपला डबा घेऊन गेल्या आणि परत कधी शालनबाईंच्या दारात आल्या नाहीत. मग थोरले दीर गेले, तेव्हाही दोघी शेजारी बसून रडल्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत. आक्कांचा मुलगा हैदराबादला होता. मळ्यातल्या घरात त्या एकट्या.

ओसरीवर बाबासो पाटावर बसले होते. हातात चहाचा कप, बशीत बिस्किटं. एक चहात बुडवलेलं, अर्धं तोंडात. बायको दिसली तसं उरलेलं अर्धं कपात पडलं.

"देव पावला वाटतं," शालनबाई म्हणाल्या.

आतून विजयमालाआक्का आल्या. वाळल्या होत्या. चष्मा जाड झाला होता. त्यांनी जावेकडे बघितलं, दचकल्या नाहीत, जणू ती रोजच येत होती.

"ये. बस," म्हणाल्या. "चहा टाकते."

"चहा नको. आधी ह्यांची साखर बघा." शालनबाईंनी नवऱ्याची बाही ओढून टिकली उघडी केली. सुनेनं काय सांगितलं ते सगळं एका दमात सांगितलं, डोंगर, चार बिस्किटं, रिकामं पोट, आणि कमी तुपाचं शेवटी जरा जोर देऊन. टिकली ह्या दंडावर कशी आली तेवढं मात्र गाळलं.

आक्का चकित होऊन दिराकडे बघायला लागल्या. तो तर म्हणाला होता, शालन घरी गोड देत नाही, डब्याला हात लावू देत नाही, म्हणून इथं येतो. त्यामुळे त्या मुद्दाम त्याच्यासाठी बशी भरून ठेवत होत्या.

"मी देत न्हाई?" शालनबाई म्हणाल्या. "जन्मात कधी बिस्किट मागितलं का ह्यांनी? दिलं तर परत करतात."

दोघी बाबासोंकडे वळल्या. दोन जावा एका बाजूला झाल्यावर दिराचं आणि नवऱ्याचं काय होतं, ते बाबासोंच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मला न्हाई आवडत बिस्किट," ते हळूच म्हणाले. "कधीच न्हाई आवडलं."

"मग?"

"एकदा वहिनीकडं आलो, तर चूल थंड. एकटीसाठी कोण पेटवतंय, म्हणाली. दुपारचं पण काही खाल्लं नव्हतं. मी म्हटलं मला भूक लागलीय, तेव्हा उठली, चहा केला, डबा काढला. मी खाल्लं तसं तिनं पण खाल्लं. मी नको म्हटलं की ती पण झाकण लावते." त्यांनी बशी वहिनीकडं सरकवली. "मी चार खातो, तेव्हा कुठं ती दोन खाते."

नारळाच्या झावळ्या हलत होत्या. टिकलीनं काय खाल्लं ते लिहिलं होतं, कशाबरोबर खाल्लं ते लिहिलं होतं. कशासाठी खाल्लं, ते ओळखणारी सुई अजून कुणी बनवली नव्हती.

शालनबाईंनी वाकून बशीतलं एक बिस्किट उचललं, नवऱ्याच्या कपात बुडवलं आणि खाल्लं. सावकाश चावलं.

"तूप कमीच हाय," त्या म्हणाल्या.

"जास्त तुपाचं आता पचत न्हाई मला," आक्का म्हणाल्या. "अन् तुझ्यासारखं तूप ओतायला मी काय दिवा लावतेय व्हय?"

बाबासो आधी हसले. मग आक्का. शालनबाई सगळ्यांत शेवटी हसल्या, पण हसल्या त्या अशा, की ओसरीवरची मांजर उठून गेली. हसता हसता त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि धूर फार आहे म्हणाल्या. चूल केव्हाच विझली होती, पण तो विषय कुणी काढला नाही.

मग त्या उठल्या, आक्कांच्या स्वयंपाकघरात शिरल्या, जणू कधी तिथून गेल्याच नव्हत्या, आणि पिठाचा डबा कुठाय म्हणून विचारलं. आधी भाकरी. बिस्किट मागून. सुनेचंच म्हणणं त्यांनी असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यांनीच शोध लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनबाईंनी ऋतुजाला बोलावून सगळं सांगितलं, मखमली टिकलीसकट. क्षमा मागितली नाही. चूक कशी झाली हे समजावून सांगितलं, म्हणजे चूक जवळजवळ ऋतुजाचीच होती असं वाटेल अशा बेतानं. ऋतुजा आधी चिडली, मग बाहीखालची मखमली टिकली बघून तिला हसू आवरेना. संध्याकाळी ती तीन नव्या टिकल्या घेऊन आली आणि तिघांच्या दंडावर स्वतःच्या हातानं लावल्या, ओढ्यापलीकडे जाऊन आक्कांनासुद्धा.

टिकल्या शिकल्या, आणि पडद्यावर तीन रेघा दिसायला लागल्या. बाबासोंची संथ. ते आता जेवून मग चालत वहिनीकडे जात होते, एकच बिस्किट घेत होते आणि कुणासाठी घेतो हे सगळ्यांना माहीत होतं. आक्कांची रेघ उलट पहिल्या दिवसापेक्षा थोडी वर आली होती, आणि ऋतुजा म्हणाली, हे चांगलं लक्षण आहे, पोटात वेळेवर अन्न जायला लागलंय. तिसरी रेघ बघून मात्र ती पडद्याच्या जवळ गेली.

"आत्या, हा डोंगर नाही," ती म्हणाली. "ही डोंगरांची रांग आहे."

न्याहारीनंतर एक. दुपारी एक. भांडी झाली की एक. दिवा लावायच्या आधी एक. टिकलीनं प्रत्येकाखाली लिहिलं होतं: बिस्किट, तूप भरपूर.

शालनबाई म्हणाल्या, ते खाणं नव्हे. ती चव बघणं आहे. तूप खवट झालं तर मुलाबाळांच्या पोटात जाईल, कुणीतरी बघायला नको? ऋतुजा शांतपणे म्हणाली, की टिकलीला तो फरक कळत नाही, रक्तालाही कळत नाही. बाबासो पेपराआड काहीतरी म्हणाले. काय म्हणालात, असं विचारल्यावर काही नाही म्हणाले.

अट अट होती. ऋतुजाला वाटलं आता आत्या घर डोक्यावर घेणार, आणि तिच्या मनात थोडं नमतं घ्यायचंही होतं. पण शालनबाई बराच वेळ पडद्याकडे बघत बसल्या. आपल्याच पोटातलं कुणी भिंतीवर लिहून दाखवावं आणि ते खरं असावं, हा अनुभव त्यांना नवा होता. शेवटी त्या उठल्या.

"मी शब्द दिला होता," त्या म्हणाल्या. "यंदा शालन माळीचा डबा भट्टीवर जाणार न्हाई."

आणि नाही गेला. गेला तो विजयमाला माळींचा.

दोघी जावा रसूलभाईच्या भट्टीवर एकाच डब्यासह उभ्या राहिल्या, तेव्हा रांगेतल्या बायकांनी आधी एकमेकींकडे आणि मग आभाळाकडे बघितलं. मैद्यात निम्मं नाचणीचं पीठ आणि बेसन, साखर नेहमीपेक्षा कमी, तूप किती घालायचं यावर परातीशीच वाद. आक्का थांब म्हणायच्या, शालनबाई अजून थोडं म्हणायच्या. रसूलभाईंनी दोघींना मागं सरकवून शेवटी स्वतःच्या अंदाजानं घातलं. त्या वर्षी गल्लीला माणशी दोनच बिस्किटं मिळाली, सोबत मूठभर भाजके शेंगदाणे, आणि जेवल्यावर खा, अशी ताकीद. ताकीद फुकट होती आणि बिस्किटापेक्षा जास्त वेळ पुरली.

डबा मात्र ओढ्यापलीकडेच राहिला, आक्कांच्या कपाटात. तसं शालनबाईंनीच सुचवलं. घरात असला तर त्या चव बघणार, हे त्यांना स्वतःला पुरतं माहीत होतं. तिथं असला, तर एका बिस्किटासाठी पूल ओलांडावा लागेल आणि परत यावं लागेल. रिक्षाला त्यांनी बजावून ठेवलं होतं, की नेहमीच्या ठिकाणी आम्ही पायानं जाऊ, तू आपली इथंच उभी राहा.

भाऊबीज झाली त्या संध्याकाळी तिघं ओसरीवर बसले होते. जेवणं झाली होती. आक्कांनी दोघांना मोजून बिस्किटं दिली होती, बाबासोंचं एक, शालनबाईंची दोन. शालनबाईंची दोन्ही संपली. त्यांनी डब्याकडे बघितलं. मग आक्कांकडे.

"अजून एक," त्या म्हणाल्या. "सणाचं."

आक्कांनी झाकण दाबून बसवलं आणि डबा मांडीवर घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच डबा दुसऱ्याच्या हातात होता आणि मागणाऱ्या शालनबाई होत्या.

"पुलापर्यंत जाऊन ये," आक्का म्हणाल्या. "मग देते."

शालनबाईंनी जावेला खालपासून वरपर्यंत बघितलं. कमरेला पदर खोचला आणि ओसरी उतरून चालायला लागल्या. वळणापर्यंत गेल्या, तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. डबा बाबासोंच्या हवाली करून आक्का पाठोपाठ येत होत्या, एकटी बाई काय जाते म्हणत. पूल येईपर्यंत दोघींचा तुपावरून पुन्हा वाद पेटला होता. तो इतका रंगला, की पूल कधी मागं पडला ते दोघींना कळलं नाही, आणि दोन्ही टिकल्यांवरच्या रेघा ओढ्याच्या काठानं शहाण्यासारख्या सरळ चालत राहिल्या.